चार्ज कोणाकडे?

हिंदी सिनेमातला सगळ्यात गाजलेला हँडओव्हर आमच्या पनवेल तालुक्यात झाला, याचा पनवेलकरांना म्हणावा तेवढा अभिमान नाही. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवट आठवून पाहा. गाडी सुटली आहे. दारात मार खाऊन रक्ताळलेला शाहरुख खान. फलाटावर काजोल, आणि तिचं मनगट अमरीश पुरींच्या मुठीत. ती गयावया करते, बाप विरघळतो, मूठ उघडते, पोरगी धावत सुटते, गाडीतून हात पुढे येतो आणि एका मुठीतलं मनगट दुसऱ्या मुठीत जातं. गोष्टीत हा पंजाब आहे. ज्या फलाटावर हे चित्रित झालं ते स्टेशन मात्र आपटा. दिवा–रोहा मेमूने निघालात तर पनवेल, सोमटणे, रसायनी, आणि मग हा पंजाब लागतो. सिनेमा २० ऑक्टोबर १९९५ला लागला, मराठा मंदिरात २०१४ साली त्याचे हजार आठवडे झाले, आणि या हजार आठवड्यांत आपटा स्टेशन रोज पडद्यावर झळकलं, बिननावाचं.

ती समोर आलेल्या पहिल्याच डब्यात का चढली नाही, हा प्रश्न पुष्कळांनी विचारून झाला आहे. मला सतावणारा प्रश्न वेगळा आहे. चार्ज-लिस्ट कुठे आहे? एवढी मोठी जबाबदारी एकाने सोडली, दुसऱ्याने घेतली, आणि कागद नाही, सही नाही, ‘सुस्थितीत मिळाली’ असा शेरा नाही. आपल्याकडे तीन पायांची खुर्चीसुद्धा अशी जात नाही.

हँडओव्हर आता मराठीत इतका रुळलाय की त्याचं इंग्रजी माहेर कोणाला आठवतही नाही. नर्स वॉर्ड हँडओव्हर करते, सोसायटीचा मावळता सेक्रेटरी फायलींचं पोतं हँडओव्हर करतो, नोकरी सोडणारा माणूस नोटीस पिरियडभर दुसरं काहीच करत नाही. या क्रियापदाची मोठी सोय अशी की ते एकट्याने पार पाडता येतं. देणाऱ्याने ‘दिलं’ म्हटलं की काम संपलं. समोरच्याने घेतलं का, ही चौकशी त्यात बसत नाही. त्यामुळे ‘मी केव्हाच हँडओव्हर केलंय’ म्हणणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. ‘हो, ते माझ्याकडे आहे’ असं म्हणणारा भेटला तर त्याच्या घरी जाऊन नारळ द्यावा.

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बदलून गेली, तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. मावळते गुरुजी निवृत्त होत होते. टेबलावर जडसंग्रह नोंदवही उघडून दोघं बसले. गुरुजी नोंद वाचत, आत्या मान वर करून वस्तू शोधत असे, आणि सापडली की बरोबरची खूण. लाकडी खुर्च्या ६. त्यातल्या दोन डुगडुगत होत्या, पण डुगडुगणं म्हणजे मोडणं नव्हे, असा गुरुजींचा निर्वाळा. भिंतीवरचे घड्याळ १. बंद होतं, पण भिंतीवर होतं. घंटा १. घंटेचा टोल १. हा टोल चौथीच्या वर्गाच्या दाराला अडसर म्हणून लावलेला सापडला. हार्मोनियम १. तिच्या भात्यात उंदरांची वस्ती होती, पण वहीत उंदरांचा रकाना नव्हता. पृथ्वीचा गोल १.

पृथ्वी दिसेना. कपाटाच्या वरच्या फळीवर गोलाचा स्टँड होता. लोखंडी बैठक, तो कललेला अर्धवर्तुळाकार कणा, सगळं शाबूत. फक्त मधे पृथ्वी नव्हती.

“गुरुजी, पृथ्वी?”

“बाई, पृथ्वी माझ्या आधीपासूनच नाही.”

गुरुजींनी चार्ज घेतला तेव्हाही ती नव्हती. त्यांच्या आधीच्या गुरुजींनी ‘सुस्थितीत दिली’ असं लिहिलं, यांनी ‘सुस्थितीत मिळाली’ असं लिहिलं, कारण पावसाचे दिवस होते आणि शेवटची एसटी साडेपाचला होती.

आत्या नियमाने चालणारी. ती म्हणाली, मग निर्लेखन करून घ्या. निर्लेखन म्हणजे निकामी झालेली वस्तू वहीतून कमी करणं. गुरुजींनी सांगितलं, त्यासाठी प्रस्ताव लागतो आणि पाहणीच्या वेळी निकामी वस्तू समक्ष दाखवावी लागते. म्हणजे पृथ्वी मोडल्याचं सिद्ध करायचं तर मोडकी पृथ्वी हजर करायला हवी. ‘हरवली’ असं लिहावं तर खुलासा, चौकशी, वसुली. पदरचे पैसे घालून नवी आणून ठेवावी तर ती स्टँडसकट येणार, म्हणजे शाळेत एक स्टँड जास्त. आणि वहीतली वस्तू शाळेत नसण्यापेक्षा वहीत नसलेली वस्तू शाळेत असणं जास्त वाईट, हे गुरुजींनी अनुभवाने सांगितलं. अंधार पडता पडता आत्याने शेरा लिहिला, ‘पृथ्वीचा गोल १ (गोलाविना), सुस्थितीत.’ दोघांनी सह्या केल्या. पुढे आत्या निवृत्त झाली, तेव्हा तिच्याकडून चार्ज घेणाऱ्या बाईंनी तो शेरा वाचला, वरच्या फळीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं (ते बंदच होतं) आणि सही केली. पृथ्वीचा भार आपल्याकडे असा वाहिला जातो. शेषनागाला उगाच श्रेय देतात.

तरी हा व्यवहार दोन माणसांनी समोरासमोर बसून केलेला. सरकारी भाषेत ‘एकतर्फी कार्यभार’ नावाचीही चीज आहे. बदली झालेले साहेब चार्ज द्यायला येतच नाहीत, कारण ते बदली रद्द करून घ्यायच्या खटपटीत मुंबईला असतात. नवे साहेब हजर होतात आणि आपणच आपल्याला चार्ज देऊन मोकळे होतात. एकतर्फी प्रेमापेक्षा हे बरं, यात निदान खुर्ची मिळते. शिवाय ‘अतिरिक्त कार्यभार’ आहे. ज्याला स्वतःचं टेबल उरकत नाही त्याला शेजारचंही द्यायचं. ‘प्रभारी’ आहेत, आणि वर्षानुवर्षं प्रभारी राहून प्रभारी म्हणूनच निवृत्त होणारी माणसंही आहेत. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत ‘लुक आफ्टर चार्ज’ म्हणतात. त्यातलं ‘लुक’ तेवढं आज करायचं, बाकीचं सगळं ‘आफ्टर’.

याचा आरसा पाहायचा तर आमच्या पनवेलच्या कुठल्याही नव्या-जुन्या सोसायटीत डोकवा. बिल्डर फ्लॅटचं पझेशन उत्साहाने देतो. किल्ली, पेढे, फोटो. इमारत आणि तिच्याखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची वेळ आली की मात्र तो परगावी असतो. १९६३च्या मोफा कायद्याने त्याला मुदत घालून दिली होती. ती इतक्यांनी इतकी वर्षं पाळली नाही, की शेवटी २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणावं लागलं. बोलीभाषेत डीम्ड कन्व्हेयन्स. म्हणजे देणाऱ्याने दिलेलं नाही, पण त्याने दिलं आहे असं आपण सगळ्यांनी मिळून मानायचं. तिकडे साहेब न देता घेतात, इकडे बिल्डर न देता देतो. ‘मानीव अभिहस्तांतरण’ हे शब्द एका दमात, न अडखळता म्हणून दाखवेल त्याला आमच्या सोसायटीत बिनविरोध चेअरमन करतात. दुसरी काही पात्रता नाही, आणि दुसरा उमेदवारही नसतो.

शासनाला हे कळत नाही असं नाही. महाराष्ट्राने २००५ साली एक कायदा केला. त्याच्या लांबलचक नावातला अर्धा भाग बदल्यांबद्दल आणि अर्धा विलंबाबद्दल आहे. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, अशी त्यात तरतूद आहे. तरतूद उत्तम आहे. टेबलाने तिचा काढलेला अर्थ त्याहून उत्तम आहे. सातव्या दिवशी फाइल माझ्याकडे नसली म्हणजे झालं. ‘अभिप्रायार्थ सादर’. ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’. ‘आपल्या स्तरावरून कार्यवाही व्हावी’. यातला ‘आपला स्तर’ नेमका कोणता हे कोणी सांगू शकत नाही. तो माझा नव्हे एवढं पक्कं. फाइल चालत राहते, कोणाकडेच सात दिवस भरत नाहीत, कायदाही मोडत नाही. अर्जदार तेवढा चपला झिजवतो, पण चपला झिजण्याला मुदत घातलेली नाही.

रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता, आणि तोही एका लोखंडी गोळ्याने. एकेरी मार्गावर टोकन असायचं. गोळा चामडी पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला. पुढच्या स्टेशनाने हो म्हटल्याशिवाय यंत्रातून गोळा बाहेर पडत नसे, आणि गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. न थांबणाऱ्या गाडीसाठी फलाटावरचा माणूस कडं उंच धरून उभा राहायचा. इंजिनातला माणूस वाकून, धावत्या गाडीतून हात घालून, ते दंडात अडकवून न्यायचा आणि आधीचं खाली टाकायचा. म्हणजे शाहरुख–काजोल प्रकरण रेल्वे दिवसातून कितीदा तरी करत होती, तेही दोन्ही बाजूंनी आणि पार्श्वसंगीताशिवाय. जबाबदारीला तेव्हा वजन होतं. हातातून सुटली तर पायावर पडायची.

आपट्यावरून न थांबता धडाडत जाणाऱ्या कोकणच्या गाड्या पुढे रोह्याला एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात शिरतात. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, तिथून कोकण रेल्वे, जिचा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ला वाहतुकीला खुला झाला. प्रवाशाला त्याचा पत्ताही लागत नाही. गाडी लेट असेल तरच डब्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘मध्यने पनवेललाच रखडवली,’ दुसरा म्हणतो, ‘क्रॉसिंगला कोकणने घातली.’ खेडला उतरेपर्यंत दोघांची मैत्री झालेली असते.

रस्त्यावर मात्र हाडांना पत्ता लागतो. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात घातला गेला. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, त्याच्या पुढचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. कंत्राटदार बदलले, मंत्री बदलले, महामार्गाचा जुना १७ नंबर जाऊन ६६ आला. गणपतीआधी खड्डे बुजवण्याचं आश्वासन तेवढं जुन्या नंबराने चालू राहिलं. चाकरमान्याची गाडी आदळली की तो आधी कंबर चाचपतो आणि मग विचारतो, “इंदापूर गेलं का?” शिवी केंद्राला घालायची की राज्याला, ते या उत्तरावर ठरतं.

तसं पाहिलं तर आपट्याच्या पाताळगंगेचं उन्हाळ्यातलं पाणीसुद्धा असंच दुसऱ्याकडून आलेलं. लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर टाटांनी धरणं बांधली. ते पाणी नळांतून खोपोलीला उतरवून १९१५पासून वीज काढतात आणि काम झालेलं पाणी पाताळगंगेत सोडतात. एरवी जे पूर्वेला भीमेकडे गेलं असतं ते पश्चिमेला आलं. नदीने निमूट घेतलं. पोच नाही, तक्रार नाही, ‘आपल्या स्तरावरून’ नाही. या बारमाही पाण्याच्या काठानेच पुढे रसायनी आणि पाताळगंगेचे कारखाने आले.

या कारखान्यांत चार्ज दिवसातून तीनदा बदलतो. शिफ्ट संपत आली की प्लांटमधल्या माणसाचा एक डोळा गेजवर आणि दुसरा दाराकडे. रिलीव्हर आला का? तो नाही आला तर ‘कंटिन्यू’, म्हणजे पुढची शिफ्टही तुमच्याच गळ्यात. त्यामुळे कामगार रिलीव्हरची वाट ज्या व्याकुळतेने पाहतो त्या व्याकुळतेने त्याने लग्नाआधी बायकोचीही पाहिलेली नसते. रिलीव्हर दिसला की लॉगबुकात ‘सर्व नॉर्मल’. मग बूट बदलता बदलता, कंपनीची बस हॉर्न मारत असताना, “अरे हां, तो दोन नंबरचा पंप जरा आवाज करतोय, बघ.” खरी माहिती नेहमी ‘अरे हां’च्या पुढेच येते.

६ जुलै १९८८च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा नावाच्या तेल-वायूच्या फलाटावर हा ‘अरे हां’ राहून गेला. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. ते रात्रपाळीपर्यंत पोचलं नाही, आणि त्यांनी तोच पंप सुरू केला. १६७ माणसं गेली. त्यानंतर जगभरातल्या तेल-रसायनांच्या कारखान्यांनी शिफ्ट बदलताना समोरासमोर उभं राहून बोलायचं, लिहायचं आणि ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं, हे मनावर घेतलं. माझा एक मित्र या पट्ट्यातल्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे. तो घरीही तसंच करतो. “गॅस बंद, दूध तापवलं, बंड्याचा होमवर्क अर्धा. आता तू काय समजलीस ते सांग.” ती काय समजली ते सांगते. ते त्याने मला सांगितलं, पण छापण्यासारखं नाही.

आणि आपट्यातच फेब्रुवारी २०१९ मध्ये, कर्जतहून रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या एसटीत एक बेवारस पिशवी सापडली. एसटीच्या माणसांना शंका आली, पोलीस आले, बॉम्बशोधक पथक आलं, आणि आतला बॉम्ब निकामी केला. खरोखरचा बॉम्ब. दिवसभराच्या फेऱ्या करून आलेल्या माणसाला ‘ज्याची असेल तो उद्या मागायला येईल’ म्हणून आडवं होणं किती सोपं होतं! एरवी ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही सूचना या देशाने जेवढ्या निष्ठेने पाळली तेवढी दुसरी कुठली पाळलेली नाही. वाहता नळ, रस्त्यात आडवी पडलेली फांदी, दिवसा जळणारा विजेचा दिवा, सगळंच आपण बेवारस धरतो आणि हात लावत नाही.

जबाबदारी खरोखर डोक्यावर ठेवायची रीत आपल्यात एकाच ठिकाणी उरली आहे, लग्नात. झाल म्हणतात तिला, म्हणजे ऐरणीदान. वेळूच्या टोपलीत पेटते दिवे ठेवायचे आणि ती टोपली नवऱ्या मुलाचे आई-वडील, काका-काकू, आत्या, मावशी यांच्या डोक्यावर एकेक करून टेकवायची. आमची मुलगी आता तुमच्या पदरात, सांभाळून घ्या, असा अर्थ. ज्याने कोणी हा विधी रचला त्याला माणसांची पक्की पारख असणार. घेणाऱ्या प्रत्येकाला हजर राहून, मान ताठ ठेवून, डोक्यावर विस्तव घेऊन उभं राहावं लागतं. ‘मला कोणी बोललंच नाही’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही. हल्ली व्हिडिओवाला “काकू, जरा हसा” म्हणतो, मावशींना केसांवरच्या स्प्रेची धास्ती असते, आणि कुणी तरी एक मामा “मी लांबचा, मला कशाला” म्हणत सटकतो. असल्या एका मामामागे टोपली पार बुफेपर्यंत गेलेली मी पाहिली आहे. त्यांनी एका हातात गुलाबजाम सांभाळत आमची मुलगी स्वीकारली. मुलीच्या डोक्यावर काय काय ठेवलं त्याची मात्र टोपली नसते. ते तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कळतं.

आता आमच्या घरचं. आपट्याला आमचं सामाईक घर आहे. घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने येते. ते जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, पण खानदानातला सगळ्यात जबाबदार माणूस म्हणून उताऱ्यावर तेच टिकून आहेत. हयात वारस चौदा, बोरिवलीपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेले. चौदाही जणांना घर ‘आपलं’ वाटतं. मे महिन्यात ते शाकारावं लागतं, म्हणजे कौलं परतायची, फुटकी बदलायची, रिपा कुजल्यात का ते पाहायचं. कर्नाळ्याच्या जंगलाकडून येणारी वानरं एका दुपारीत जे नुकसान करतात ते चौदा वारसांना चार वर्षांत भरून काढता येत नाही. तेव्हा पेणच्या वहिनींनी ‘आपटा घर’ असा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि आतून दिसणाऱ्या आभाळाचा फोटो टाकला.

पुण्याचे काका म्हणाले, “तातडीने लक्ष घालणे आवश्यक.” न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणाला, “टोटली ॲग्री.” डोंबिवलीच्या आत्याने हात जोडले, घराला की ग्रुपला ते समजलं नाही. बोरिवलीच्या दादाने लिहिलं, “मागच्या वेळी मी करून घेतलं होतं.” मागची वेळ म्हणजे २००४. मी लिहिलं, “कोणीतरी एकदा जाऊन बघून यायला हवं.” हा ‘कोणीतरी’ आमचा खरा कुलपुरुष; आजवरची सगळी कामं त्याच्याच नावावर आहेत. मग काकांनी दादाकडे टोलवलं, दादाने माझ्याकडे, मी ‘काका म्हणतील तसं’ म्हणून परत काकांकडे. गावाचं आणि झाडाचं नाव एकच असल्याचा हा परिणाम असावा. दसऱ्याला आपट्याची पानं वाटतात तसं ते काम चौदा जणांत फिरलं; प्रत्येकाने मोठ्या प्रेमाने दिलं, घेतलं, पुन्हा दिलं, आणि रात्री कोणाच्याच खिशात नव्हतं.

पेणच्या वहिनींचं नाव ना उताऱ्यावर, ना वारसांत. पुढच्याच आठवड्यात त्या मेमूने आपट्याला उतरल्या, कौलं परतणाऱ्याला गाठलं, डोक्यावर पदर घेऊन दिवसभर अंगणात उभ्या राहिल्या आणि संध्याकाळी झाकलेल्या घराचा फोटो टाकला. चौदा अंगठे वर झाले. काकांना डावीकडचं एक कौल तिरकं वाटलं. न्यू जर्सीहून खर्चाची एक्सेल शीट मागवण्यात आली. दादाने मजुरीचा दर विचारला आणि २००४चा सांगितला. मग काकांनी ठराव मांडला, “सूनबाई, यापुढे घराचं सगळं तुमच्याकडेच असू दे. तुम्हाला छान जमतं.” पुन्हा चौदा अंगठे. आमच्या घराण्यात एकमताने झालेला हा पहिला निर्णय.

वहिनींनी उत्तर दिलं नाही. बिलाचा फोटो टाकला, खाली चौदाने भागून आलेली रक्कम लिहिली आणि त्याखाली गूगल पेचा नंबर. ग्रुपवर रात्रभर कोणी फिरकलं नाही. सकाळी पाहतो तर वहिनी ग्रुप सोडून गेलेल्या. ॲडमिन एकट्या त्याच होत्या. एकुलता एक ॲडमिन गेला की व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांतून आपल्या मर्जीने नवा नेमतं; संमती घेत नाही, चार्ज-लिस्टही देत नाही. माझ्या फोनवर बारीक अक्षरांत आलं की आता आपण ॲडमिन आहात. मी ते नीट वाचून होण्याआधीच पुण्याहून काकांचा मेसेज येऊन पडला, “अभिनंदन! आता त्या मागच्या पडवीचं तेवढं बघ.”